पत्ता सापडत नाही

तार्तू, फेब्रुवारी त्र्याण्णव. नदी गोठलेली.
संगणक केंद्रात हीटर एकच, तोही माझ्या टेबलापासून लांब.
आम्ही एकवीस जण,
समुद्रावरच्या बर्फाची जाडी मोजणाऱ्या यंत्रांविषयी बोलणारे.
तेवढ्याच विषयावर बोलायचं, असं ठरलेलं;
पण बोलणंच ते, काठावरून सांडायचंच.

वाद काल्योने काढला.
खुर्ची मागे सारून उभा राहिला, जणू संसदेत.
"ही ईमेलची यादी म्हणजे दारोदार टपाल टाकत हिंडणं.
मागितलंय कुणी? सकाळी डबा उघडावा तर चाळीस पत्रं,
त्यातली तीस 'मलाही तसंच वाटतं' एवढं कळवणारी.
त्यापेक्षा न्यूजग्रुप काढा.
चव्हाट्यावर एक फळा. ज्याला गरज तो येईल,
वाचेल, दोन ओळी लिहील, वाटेला लागेल.
हेलसिंकीचा कुणी अनोळखी माणूसही थांबून वाचेल."

सारेमा बेटावरून वायकेचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं:
"माझा मोडेम रात्री दोननंतरच लागतो.
तुमच्या चव्हाट्यावर मी उभी कशी राहू?
मध्ये समुद्र आहे, आणि मिनिटाचे पैसे पडतात.
पत्रं कशी, एकदा उतरवून घेतली की
फोन ठेवून सावकाश वाचता येतात.
चाळीस उतरायला अर्धा तास लागतो, खरं आहे.
तेवढ्यात माझे बटाटे सोलून होतात."

काल्यो म्हणाला, बटाटे हा तांत्रिक मुद्दा नव्हे.

मी म्हटलं, फळा पंधरवड्याला पुसावा लागेल,
डिस्कवर तेवढीच जागा आहे.
कुणी म्हणालं, बरंच की,
एरवी आपण तेच ते भांडण दर हिवाळ्यात भांडतो.

शेवटी ठरलं: शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने एक ओळ धाडायची.
फळ्याला अकरा, यादीला नऊ.
एन्देलची ओळ तेवढी आली नाही.

पार्नू बंदरातला एन्देल. सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचा,
ओरडत असल्यासारखा,
कारण त्याच्या टर्मिनलला लहान अक्षरं नव्हतीच.
कुठलाही प्रश्न टाका, म्हणायचा: आधी शून्य तपासा.
यंत्राचं शून्य सरकलं असेल
तर पुढचं सगळं गणित सुबक आणि चूक.

मी त्याला आठवण धाडली. चार मिनिटांत परत आली:
या नावाचं इथे कुणी नाही.
स्पेलिंग चुकलं असेल म्हणून पुन्हा धाडली.
पुन्हा तेच.
मग बंदराच्या कचेरीत फोन लावला. एक मुलगी म्हणाली,
जानेवारी संपता संपता पुरलं त्यांना,
खातं सोमवारी बंद केलं, जागा हवी होती.

म्हणजे तीन आठवडे आमचं भांडण
त्याच्या दारात पडत राहिलं होतं. सहाशेच्या वर पत्रं.
सोमवारी दार काढून नेलं, तेव्हा कुठे मला कळलं.

बहुमत ते बहुमत. न्यूजग्रुप मीच उभा केला.
पहिला मजकूर काल्योचा: "चाचणी".
दुसरा गोटेबर्गच्या एका अनोळखी बाईंचा,
आणि तो खरोखर उपयोगी निघाला, मान्य करायला हवं.
फळ्याची नक्कल काढून
रात्री दीडला मी वायकेच्या दारात टाकते.
हे काल्योला माहीत नाही, किंवा असेल.

फळ्यावर कोण आलं ते दिसतं.
कोण आलं नाही, हे दाखवायला तिथे काही नाही.

म्हणून जुनी यादी मी ठेवली आहे.
सातव्या ओळीवर एन्देल होता; ती ओळ खोडली,
आकडा तसाच ठेवला.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी वीस जणांना
एक कोरं पत्र जातं: उत्तर नको.
वायके तरीही उत्तर देते. बहुतेक बटाट्यांविषयी.
मी पडद्याकडे बघत चार मिनिटं थांबते, कधी पाच.
काही परत आलं नाही की उठते,
आणि हीटरपाशी जाऊन हात शेकते.